आधी आपले किलोमीटर मोजा

पेट्रोल कितीही वाढू दे, मला काय फरक पडतो, मी तेव्हाही शंभरचंच टाकायचो आणि आजही शंभरचंच टाकतो. हा विनोद आता जुना झाला. पण कुठल्याही पंपावर पाच मिनिटं उभं राहून ऐका, दुचाकीवाले अजूनही लिटर सांगत नाहीत, रुपयेच सांगतात. २०१०च्या जूनमध्ये केंद्रानं पेट्रोलचे दर बाजारावर सोडले, तेव्हा मुंबईत लिटरचा भाव छप्पन्न रुपयांच्या आसपास होता, म्हणजे शंभरात पावणेदोन लिटर यायचं. २०२१च्या मे महिन्याअखेर मुंबईत पेट्रोलनं शंभरी ओलांडली आणि शंभरात एक लिटर मिळणंही बंद झालं. नोट तीच आहे, फक्त गाडी लवकर रिझर्व्हला लागते. आपण मात्र भाव कधी उतरणार यावर चहाच्या टपरीवर वाद घालत बसतो. उद्याचा जमाना विजेचा की सीएनजीचा की इथेनॉलचा, यावर तर घराघरांत दोन तट पडले आहेत.

माझं सांगणं एवढंच आहे की हे दोन्ही वाद एक महिना बाजूला ठेवा. आधी आपण रोज किती किलोमीटर जातो आणि एक किलोमीटर आपल्याला कितीला पडतो, हे काढा. कुठला पर्याय आपल्या घराला परवडेल, हे त्या दोन आकड्यांवर ठरतं. शेजाऱ्याला विजेची स्कूटर परवडली म्हणून तुम्हाला परवडेलच असं नाही, आणि मेव्हण्याची सीएनजी गाडी रांगेत अडकते म्हणून तुमचीही अडकेल असं नाही.

हिशेब सोपा आहे. एकदा टाकी फुल करा आणि किलोमीटरचा आकडा मोबाइलमध्ये टिपून ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा फुल करा. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर, हे तुमच्या गाडीचं खरं ॲव्हरेज. असं दोन-तीनदा करा. शोरूममध्ये साठ सांगितलेली स्कूटर गावातल्या खड्ड्यांतून आणि सिग्नलवरून पंचेचाळीसच देते, असं बहुतेकांच्या लक्षात येईल. २०२४च्या मार्चमध्ये दोन रुपये कमी झाले, त्यानंतर मुंबईतला भाव बराच काळ १०३-१०४ रुपयांवर थांबून होता. तोच धरला तर स्कूटरचा किलोमीटर दोन रुपये तीस पैशांना पडतो. पंधराचं ॲव्हरेज देणाऱ्या कारचा जवळपास सात रुपयांना. पुढची सगळी आकडेमोड मी या भावावर केली आहे. तुमच्या गावचा आजचा भाव घालून ती पुन्हा करा.

आता भाव उतरण्याबद्दल. उतरलाच तर आनंद आहे, पण त्यावर घरखर्च बेतू नका. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो, त्यामुळे डॉलर आणि आखातातली भांडणं आपल्या पंपावर येऊन पोचतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तेल स्वस्त झालं तरी ते पंपावर पोचत नाही, त्याचं कारण कर. २०२०च्या वसंतात जगभर गाड्या थांबल्या आणि तेलाचे भाव कोसळले. त्या वेळी केंद्रानं मार्चमध्ये तीन आणि मे महिन्यात दहा रुपये उत्पादन शुल्क वाढवलं, ते लिटरला जवळपास ३३ रुपयांवर गेलं. पुढे २०२१च्या नोव्हेंबरात पाच आणि २०२२च्या मे महिन्यात आठ रुपये कमी झाले. २०२५च्या एप्रिलमध्ये दोन रुपये पुन्हा वाढले, पण ते गिऱ्हाइकाकडून न घेता कंपन्यांच्या वाट्यातून गेले. त्यावर राज्याचा २५ टक्के व्हॅट आणि लिटरमागे पाच रुपयांच्या वरचा अधिभार. २०२५चा हिशेब मांडला तर मुंबईतल्या एका लिटरमधले पंचेचाळीस रुपयांच्या आसपास दोन्ही सरकारांचे होते. राज्याचा कर टक्क्यांत असल्यामुळे मूळ भाव वाढला की तो आपोआप वाढतो, त्याला वेगळी घोषणा लागत नाही.

भाव रोज बदलतो, असं आपल्याला २०१७च्या जूनपासून सांगितलं जातं. प्रत्यक्षात २०२१च्या नोव्हेंबरपासून २०२२च्या २२ मार्चपर्यंत, पाच राज्यांच्या निवडणुका होईपर्यंत, काटा जागचा हलला नाही. मग सोळा दिवसांत दहा रुपये वाढले. ज्याला हा निव्वळ बाजार वाटतो त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

पेट्रोल जीएसटीत आणा, ही मागणी रास्त आहे आणि ती करत राहावी. राज्यघटनेतल्या दुरुस्तीत तशी सोयही आहे, जीएसटी परिषदेनं तारीख ठरवायची एवढंच बाकी आहे. पण राज्यांच्या हातात स्वतःचे म्हणावेत असे कर आता मोजकेच उरलेत. त्यातला हा सगळ्यात खात्रीचा, रोज वसूल होणारा. तो कुठलंही राज्य, कुठल्याही पक्षाचं सरकार असो, सुखासुखी सोडणार नाही. २०१२ साली गोव्यात मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास शून्यावर आणला होता. तिथंही पुढे तो टप्प्याटप्प्यानं परत चढला. तरी गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त राहिलं, म्हणून बांदा-सावंतवाडीकडची मंडळी पत्रादेवीची सीमा ओलांडून टाकी भरून येतात. कामानिमित्त तिकडे जाणार असाल तर जरूर भरा. मुद्दाम जाऊ नका. लिटरमागे आठ रुपये वाचले तरी पाच लिटरच्या टाकीत चाळीस रुपये वाचतात, आणि जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर झाले तर नव्वद रुपयांचं पेट्रोल जळतं.

भाव गावागणिक बदलतो, हे परभणीकरांना चांगलं माहीत आहे. राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल म्हटलं की वर्षानुवर्षं परभणीचं नाव येतं, कारण तिथला टँकर मनमाडजवळच्या डेपोतून तीनशेहून जास्त किलोमीटर चालून येतो आणि ती वाहतूक लिटरवर बसते. कर तोच, पेट्रोल तेच, पण राज्यातल्या सगळ्यात श्रीमंत शहरापेक्षा परभणीच्या शेतमजुराला लिटरमागे जास्त मोजावे लागतात. आणि रिफायनरी दारात आली तर स्वस्त होईल, अशी कोणी कोकणात आशा दाखवली तर त्याला मुंबईतल्या माहूलकडे बोट दाखवा. तिथं १९५५च्या सुमारापासून दोन रिफायनऱ्या उभ्या आहेत. मुंबईकराच्या वाट्याला त्यांचा वास आला, स्वस्ताई आली नाही. भाव ठरतो तो आंतरराष्ट्रीय बाजाराच्या हिशेबानं.

इथेनॉलवर जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आपण ते आधीच वापरतोय. कोणी विचारलं नाही, पंप बदलला नाही, पण टाकीतलं पेट्रोल बदललं. २०१३-१४ मध्ये पेट्रोलमध्ये दीड टक्का इथेनॉल होतं, २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर गेलं. यातून ऊसकऱ्याला दोन पैसे मिळाले, कारखान्यांची थकलेली बिलं निघायला मदत झाली, ही गोष्ट नाकारायचं कारण नाही. पश्चिम महाराष्ट्रात डिस्टिलरी असलेला कारखाना आणि नसलेला कारखाना यांच्या ऊसबिलातला फरक शेतकऱ्याला तोंडपाठ असतो. पण वाहन चालवणाऱ्याच्या बाजूनं पाहा. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. २०२१ मध्ये नीती आयोगाच्याच आराखड्यात लिहिलं होतं की जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी आणि दुचाकींचं तीन-चार टक्क्यांनी घटेल. वीस टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या नव्या इंजिनात ही घट एक-दोन टक्केच असते. म्हणजे "ॲव्हरेज पडलं" म्हणणारा माणूस वेडा नाही. आणि "गाडीचं वाटोळं झालं, पन्नासची तीस झाली" म्हणणाऱ्यानं आधी एअर फिल्टर आणि टायर पाहावेत.

मग इथेनॉल मिसळून पेट्रोल स्वस्त का नाही झालं? कारण इथेनॉलच स्वस्त नाही. कंपन्या ते ज्या सरासरी भावानं घेतात तो, वाहतूक आणि कर धरून, २०२४-२५ मध्ये लिटरला एकाहत्तर रुपयांवर गेला होता. मक्यापासूनचं तर त्याहून महाग. कर लागण्याआधीचं पेट्रोल त्या काळात यापेक्षा कमी भावात पडत होतं. परकीय चलन वाचतं हे खरं, पण ते देशाच्या खात्यात वाचतं, तुमच्या पाकिटात नाही. ग्राहकाला हे नीट, आकड्यानिशी सांगायला हवं होतं. त्याऐवजी शंका विचारणाऱ्यालाच तेल-लॉबीचा ठरवलं गेलं, ते मला पटलेलं नाही.

पाण्याचा प्रश्नही याच टाकीत आहे. उसाच्या साखरेतून एक लिटर इथेनॉल काढायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, हा आकडाही नीती आयोगाच्या त्याच आराखड्यातला. जिथं उन्हाळ्यात टँकर लागतात तिथं ऊस वाढवून आपण आखाताचं तेल वाचवणार असू, तर त्याची किंमत मराठवाड्याच्या विहिरींनी द्यायची, असा त्याचा अर्थ होतो. आणि पाऊस कमी झाला की धोरणही डळमळतं. २०२३च्या ७ डिसेंबरला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकाएकी बंदी आली, आठवड्याभरात ती थोडी सैल झाली. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांनी काय करायचं, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. त्यानंतर भर मक्यावर गेला. मका पिकवणाऱ्याला भाव मिळाला, कोंबडीखाद्यवाल्याचे हाल झाले.

तुमच्यासाठी व्यवहाराची गोष्ट अशी. गाडी २०२३च्या एप्रिलनंतरची असेल तर तिचे पाइप आणि रबर वीस टक्क्यांना चालतील असे असायला हवेत, फार चिंता करू नका. तशी खूणही टाकीच्या झाकणाजवळ किंवा पुस्तिकेत सापडते. त्याआधीची असेल, विशेषतः कार्ब्युरेटरवाली जुनी दुचाकी, तर सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकला पेट्रोलचा पाइप, सील आणि कार्ब्युरेटरमधलं रबर आवर्जून तपासायला सांगा. ते फुगलेलं किंवा कडक झालेलं दिसलं तर शे-दोनशे रुपयांत बदला, पुढचा मोठा खर्च टळतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. म्हणून पावसाळ्यात गाडी टाकीच्या तळाशी थोडंसं पेट्रोल ठेवून दोन-दोन महिने पडून राहू देऊ नका. गावाकडच्या ओसरीत उभ्या असलेल्या वडिलांच्या जुन्या गाडीला हा नियम जास्त लागू. बाटलीतली औषधं टाकून इथेनॉलचा परिणाम घालवतो म्हणणाऱ्यांना नमस्कार करा. महागडं प्रीमियम पेट्रोल म्हणजे बिनइथेनॉलचं, असंही गृहीत धरू नका. आणि एक मागणी सगळ्यांनी मिळून करा: जुन्या गाड्यांसाठी पंपावर दहा टक्क्यांचा पर्याय हवा आणि नळीवर टक्केवारी ठळक मराठीत लिहिलेली हवी. काय विकत घेतोय हे कळणं ही चैन नाही.

विजेच्या गाडीचं गणित मला सगळ्यात रंजक वाटतं, कारण तिथं जाहिरात आणि वीजबिल वेगवेगळी भाषा बोलतात. "पंचवीस पैशांत किलोमीटर" असं फलकावर असतं. आपलं महावितरणचं बिल उघडा. घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटांचा दर आणि पुढच्या दोनशेचा दर यांत जवळपास दुपटीचा फरक आहे. त्यावर वहन आकार, त्यावर वीज शुल्क. तुमचं घर आधीच महिन्याला दीडशे युनिट जाळत असेल तर स्कूटरला लागणारं प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यातलं असतं. ते बारा-तेरा रुपयांना पडतं असं धरा. नेहमीच्या विजेच्या स्कूटरला, चार्जरमधली गळती धरून, तीस किलोमीटरला साधारण एक युनिट लागतं. म्हणजे किलोमीटर चाळीस-पंचेचाळीस पैशांना पडला. जाहिरातीच्या जवळपास दुप्पट, पण पेट्रोलच्या खर्चाचा पाचवा हिस्सा.

आता यात आपले किलोमीटर घाला. रोज तीस किलोमीटर जाणारा माणूस, महिन्याचे सव्वीस दिवस. पेट्रोल अठराशे रुपयांचं, वीज साडेतीनशेची. वर्षाला सतरा हजारांच्या आसपास वाचतात. विजेची स्कूटर पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा पस्तीस हजारांनी महाग पडली असं धरलं, तरी दोन वर्षांत ते पैसे वसूल. अशा माणसानं फार विचार करत बसू नये. पण रोज आठ किलोमीटर जाणारी शिक्षिका घ्या. तिचं पेट्रोल महिन्याला पावणेपाचशे रुपयांचं, वीज शंभराची. वर्षाला साडेचार हजार वाचतात. पस्तीस हजार वसूल व्हायला सात-आठ वर्षं लागतील, तोवर बॅटरीची वॉरंटी बहुधा संपलेली असेल. बाईंची आहे ती स्कूटर चांगली चालत असेल तर ती बदलण्यात शहाणपण नाही, कितीही सुंदर हप्ता सांगितला तरी. जुनी गाडी मोडीतच निघाली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा फरकाचे पैसे मोजून ठरवा.

घेणाऱ्यांसाठी दोन-तीन सूचना. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेन्शनची वायर खाली सोडून गाडी चार्ज करणारे महाभाग मी पाहिलेत. पावसात ती वायर भिजते, जिन्यातल्या पोरांच्या पायात येते. असं करू नका. सोळा ॲम्पियरचा, अर्थिंग तपासलेला पॉइंट खाली घ्या किंवा बॅटरी काढून घरात आणता येईल अशी गाडी पाहा. सोसायटीत राहत असाल तर गाडी घेण्याआधी सर्वसाधारण सभेत चार्जिंगचा ठराव करून घ्या, घेतल्यावर नव्हे. सभासदांची भीती बहुतेकदा सामाईक बिलाची असते. प्रत्येकाच्या पॉइंटला त्याच्या घरच्या मीटरवरून लाइन द्यायची असं ठरलं की अर्धा विरोध तिथंच मावळतो. सर्व्हिस सेंटर तालुक्याला आहे की जिल्ह्याला, हे ब्रोशरमध्ये नसतं. तीच कंपनी वापरणाऱ्याला विचारा.

"वीज तरी कुठून येते, कोळशातूनच ना" हा आक्षेप खोटा नाही. चंद्रपूर आणि कोराडीच्या धुराखाली राहणाऱ्यांना विजेच्या गाडीचं कौतुक ऐकवताना जीभ चाचरायला हवी. तरी पेट्रोलचं इंजिन जळणातली पाव हिस्सा ताकदच चाकापर्यंत नेतं, बाकी उष्णता होऊन जाते, आणि विजेची मोटर मिळालेल्या विजेचा बहुतांश भाग वापरते. छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्याचं तर गणितच बदलतं. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान २०२४ मध्ये जाहीर झालं. तेवढा संच उन्हाच्या दिवशी बारा युनिटांच्या आसपास वीज देतो, त्यातलं एक-दीड युनिट स्कूटरला पुरतं. परावलंबन मात्र पूर्ण सुटत नाही, ते फक्त जागा बदलतं. २०२५ मध्ये चीननं मोटरला लागणाऱ्या दुर्मीळ धातूंच्या चुंबकांची निर्यात आवळली तेव्हा आपल्याकडच्या कारखान्यांतलं उत्पादन अडखळलं.

सीएनजीबद्दल थोडक्यात. रोज साठ-सत्तर किलोमीटर कार चालवणाऱ्याला, रिक्षावाल्याला, टेम्पोवाल्याला तो अजूनही चांगला सौदा आहे. फक्त रांगेत जाणारा वेळही हिशेबात धरा. रिक्षावाल्याचा रांगेतला तास म्हणजे बुडालेलं भाडं. घराजवळ पंप एकच असेल तर विसंबू नका. २०२५च्या नोव्हेंबरात गॅसची एक वाहिनी फुटली आणि मुंबईतल्या रिक्षा-टॅक्सी पंपांबाहेर उभ्या राहिल्या होत्या.

आणि आता ज्या पर्यायावर कोणी जाहिरात करत नाही त्याबद्दल. १ जून १९४८ला पुणे-नगर धावलेली एसटी आजही या राज्यातला सगळ्यात स्वस्त इंधन-बचतीचा मार्ग आहे. जानेवारी २०२५च्या भाडेवाढीनंतरही साध्या बसला सहा किलोमीटरच्या टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास पडतात. चोवीस किलोमीटरवरच्या तालुक्याला रोज जाणारा माणूस घ्या. स्कूटरनं जाऊन-येऊन एकशे दहा रुपये, एसटीनं ऐंशी. महिन्याचा पास काढला तर वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस प्रवास होतो, म्हणजे सोळाशे रुपये. स्कूटरचे सव्वीस दिवसांचे होतात पावणेतीन हजारांच्या वर. बायकांना तर २०२३च्या मार्चपासून निम्मं तिकीट आहे. दोघं एका स्कूटरवर जात असाल तर मात्र स्कूटर एसटीच्या बरोबरीला येते, हेही सांगायला हवं.

अडचण भाड्याची नाहीच, वेळेची आहे. गाडी येत नाही, आली तर कॉलेज सुटल्यावर येते. म्हणून लोक वडापनं जातात, काळी-पिवळीत कोंबून घेतात, शेवटी हप्त्यावर दुचाकी घेतात. मग आगारात सांगितलं जातं की भारमान कमी, फेरी बंद. हे चक्र तोडायला निवेदनं देऊन भागत नाही. गावातून सकाळी सहा ते दहा या वेळात कितीजण तालुक्याला जातात, कुठल्या वेळेला, कशासाठी, याची यादी करा. शाळा-कॉलेजच्या वेळा, बँकेची वेळ, बाजाराचा वार लिहा. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा आणि पाच-सात जण मिळून आगार व्यवस्थापकाला भेटा. "बस सोडा" यापेक्षा "सातची फेरी सव्वासातला करा, बेचाळीस माणसं आहेत" ही मागणी टाळायला अवघड असते. फेरी सुरू झाली की पहिले दोन महिने ती भरून न्या, पावसातसुद्धा. आमदार-खासदारांना पेट्रोलच्या भावावरून जाब विचारताच ना, मग तालुक्याच्या आगारात गाड्या किती होत्या आणि आता किती उरल्या, हेही विचारा. पहिल्या प्रश्नावर ते दिल्लीकडे बोट दाखवतील. दुसऱ्यावर तसं करता येत नाही.

शेतकऱ्यांचं दुखणं डिझेल आहे आणि त्यावर सोपा इलाज मला दिसत नाही. पंपाला सौरऊर्जा हा चांगला मार्ग आहे, पण नांगरट आणि वाहतूक अजून डिझेलवरच आहे. दोन-तीन जणांनी लागून असलेली शिवारं एकाच खेपेत नांगरून घेतली तर ट्रॅक्टरची रिकामी ये-जा वाचते. भाडं ठरवताना ती घासाघीस करा.

ज्यांना काहीच बदलायचं नाही त्यांनी निदान हवा भरावी. पंधरा दिवसांतून एकदा, टायर गार असताना. हवा कमी असलेली गाडी जास्त पेट्रोल पिते आणि ते कळतही नाही. कारवाल्यांनी ताशी ४५ ते ५५चा वेग धरला तर ॲव्हरेज सगळ्यात चांगलं मिळतं, असं पीसीआरए ही सरकारी संस्था वर्षानुवर्षं सांगते आहे. लांबच्या सिग्नलवर इंजिन बंद करा. भाजी, औषध आणि मुलाची शिकवणी या तीन फेऱ्यांची एक करा.

पंपावर हवा भरायचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका, ती फुकट असते. पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृहही फुकट. माप कमी वाटलं तर प्रत्येक पंपावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं, तुमच्यासमोर त्यात भरून दाखवायला सांगा. भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपर मागा. नळीतून एक थेंब कागदावर टाका, तो उडून गेल्यावर मागे गडद डाग राहिला तर तक्रारवही मागा आणि तारीख, वेळ, नळीचा क्रमांक लिहून सही करा. पावती मात्र आधीच घेऊन ठेवा, शंभरचंच टाकलं असलं तरी.